ओझोन थराची खात्रीची माहिती गावात बसून कशी शोधायची

मे महिना लागला आणि पारा ४५ च्या वर गेला की विदर्भातल्या पानठेल्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं : "ओझोनले भोक पडलं ना भाऊ, म्हणून एवढं तपून राह्यलं." शाळेतल्या निबंधात, वृक्षारोपणाच्या भाषणात, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातही तेच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे सांगणं माझं काम आहे : हे खरं नाही. विदर्भाच्या डोक्यावर ओझोनचं भोक नाही आणि चंद्रपूरचं ४७ अंश तापमान त्या भोकामुळे होत नाही. पण मी म्हणतो म्हणून मानू नका. साधा स्मार्टफोन आणि थोडं नेट असलं की हे तुम्हाला स्वतः तपासता येतं. कसं, ते इथे सविस्तर लिहितो. कारण चुकीचं धरलं की उपायही चुकतो. आभाळाकडे बोट दाखवून मोकळं होतो आणि ज्याचं आपण काही करू शकतो, ते तसंच राहून जातं.

आधी ठरवा, कोणता ओझोन?

ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र आले की ओझोन. वायू एकच, पण त्याच्या जागा दोन, आणि दोन्हींची गोष्ट अगदी वेगळी. साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरचा ओझोन सूर्याचे अतिनील किरण अडवतो. वातावरणातला जवळजवळ ९० टक्के ओझोन त्या वरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात आहे. उरलेला खाली, आपण श्वास घेतो त्या हवेत. गाड्या आणि कोळशाच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, जळण यांच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या की तो जमिनीलगत तयार होतो. तो फुप्फुसांना त्रास देतो आणि पिकांनाही.

म्हणून कोणतीही बातमी हाती आली की पहिला प्रश्न उंचीचा विचारा. "नागपुरात ओझोन वाढला" ही बातमी खालच्या ओझोनची, आणि ती वाईट बातमी. "ओझोनचा थर भरून येतोय" ही वरच्याची, आणि ती चांगली. ही फोड न करता नेटवर शोधत बसलात तर दोन्हींची माहिती एकमेकांत मिसळते आणि डोक्यात नुसता गोंधळ उरतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत हा गोंधळ मी दरवर्षी पाहतो.

एकक समजून घ्या, मग आकडे बोलायला लागतात

वरच्या ओझोनचं मोजमाप डॉब्सन युनिटमध्ये होतं. ऑक्सफर्डच्या जी. एम. बी. डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात ओझोन मोजायचं यंत्र बनवलं, त्यांच्या नावावरून हे एकक आलं. तुमच्या डोक्यावरच्या हवेच्या पूर्ण स्तंभातला सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणला, तर त्याचा जेवढा जाड थर होईल, ते हे माप. १०० डॉब्सन म्हणजे १ मिलिमीटर. जगाची सरासरी ३०० च्या आसपास, म्हणजे ३ मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याएवढी ही जाडी पृथ्वीवरच्या जिवांना वाचवते.

दुसरा आकडा पाठ करा : २२०. स्तंभातला ओझोन २२० डॉब्सनच्या खाली गेला तरच शास्त्रज्ञ त्या भागाला ओझोन छिद्र म्हणतात. "भोक" हा शब्द ऐकून आरपार काही तरी फाटलंय असं वाटतं, पण तिथेही थोडा ओझोन असतोच. तो फार विरळ झालेला असतो, इतकंच.

आपल्या गावाचा आकडा काढा

आता मोबाइल हातात घ्या. पावसाचा अंदाज पाहायला आपल्याकडे बरेच शेतकरी विंडी हे अ‍ॅप वापरतात. तेच उघडा. पाऊस, वारा, तापमान अशा लेयर्सची यादी असते, तिच्यात हवेच्या गुणवत्तेच्या गटात खाली जा. तिथे ओझोन लेयर नावाचा पर्याय सापडेल. तो निवडला की नकाशाचे रंग बदलतात. मग नकाशा सरकवत आपल्या तालुक्यावर आणा आणि बोट दाबून धरा. त्या जागेचा डॉब्सनमधला आकडा दिसेल.

यवतमाळ, वाशीम, गडचिरोली, कुठेही बोट ठेवा. आकडा साधारण २४० ते २९० च्या दरम्यान येईल : हिवाळ्यात कमी, उन्हाळ्यात थोडा जास्त. म्हणजे आपण ज्या मे महिन्यात भोकाला दोष देतो, त्या महिन्यात आपल्या डोक्यावर डिसेंबरपेक्षा जास्त ओझोन असतो. वर्गात हा आकडा मुलांनी स्वतः काढला की पानठेल्यावरचं वाक्य कुणी खोडून काढायची गरज उरत नाही.

तुमचा आकडा ३०० पेक्षा कमी दिसतोय म्हणून घाबरू नका. विषुववृत्ताच्या बाजूच्या पट्ट्यात तो निसर्गतःच कमी असतो. ओझोन जास्त तयार होतो तो याच पट्ट्यात, पण वरच्या हवेचा संथ प्रवाह त्याला ध्रुवांकडे वाहून नेतो. म्हणून युरोप किंवा कॅनडात आकडा आपल्यापेक्षा मोठा असतो. आपल्या गावाची तुलना आपल्याच गावाशी, त्याच महिन्याशी करायची. लंडनशी करायची नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा : विंडीवरचा हा आकडा तुमच्या गावात कुणी यंत्र लावून मोजलेला नाही. युरोपची कोपर्निकस ही वातावरण निरीक्षण सेवा उपग्रहांची मोजमापं संगणकाच्या प्रतिमानात घालून पुढच्या काही दिवसांचा अंदाज काढते, तो इथे दिसतो. रोजच्या समजुतीसाठी उत्तम आहे, पण प्रकल्पात लिहिताना "मोजलेला" लिहू नका, "अंदाजित" लिहा.

भोक खरंच जिथे आहे तिथे बघा

नासाचं ओझोन वॉच नावाचं संकेतस्थळ आहे. नाव गुगलला बोलून सांगितलं तरी सापडतं. ते फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. दक्षिण गोलार्धाचा नकाशा उघडला की मधोमध अंटार्क्टिका दिसतो. निळा-जांभळा रंग म्हणजे ओझोन कमी, हिरवा-पिवळा-लाल म्हणजे जास्त. तारीख बदलून मागचे दिवस आणि मागची वर्षंही पाहता येतात, १९७९ पर्यंत.

इथे तारखेला फार महत्त्व आहे. मार्चमध्ये नकाशा उघडलात तर भोक दिसणारच नाही. ते ऑगस्टमध्ये उघडायला लागतं, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सर्वांत मोठं असतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरून येतं. असं का? दक्षिण ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीत स्थितांबर उणे ७८ अंशांच्याही खाली थंड होतं आणि तिथे विशेष प्रकारचे ढग बनतात. सीएफसी (जुन्या फ्रिज-एसीत वापरले जाणारे, क्लोरीन असलेले) वायूंमधून आलेलं क्लोरीन या ढगांच्या कणांवर सक्रिय रूपात तयार होतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सूर्य परतू लागला की त्या उजेडात ते ओझोनचे रेणू मोडत सुटतं. क्लोरीनचा एक अणू हजारो रेणू मोडू शकतो. एवढी थंडी, असे ढग आणि ध्रुवाभोवती गोल फिरणाऱ्या वाऱ्यांचा तो बंदिस्त भोवरा आपल्याकडे नाही, म्हणून आपल्याकडे भोक नाही.

एका वर्षाच्या नकाशावरून निकाल देऊ नका. २०१९ मध्ये भोक बरंच लहान होतं, कारण त्या वर्षी ध्रुवावरचं स्थितांबर अचानक तापलं होतं. २०२० ते २०२३ ही सलग चार वर्षं ते मोठं आणि लांबलेलं राहिलं. २०२४ मध्ये पुन्हा लहान. लहान म्हणजे किती, तर त्या हंगामात सरासरी सुमारे २ कोटी चौरस किलोमीटर, आपल्या देशाच्या सहापट! खरा कल दिसतो तो अनेक वर्षांचे आकडे शेजारी मांडले की. त्यासाठी जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम दर चार वर्षांनी शास्त्रीय मूल्यांकन काढतात, ते पाहा. २०२२ च्या मूल्यांकनानुसार सध्याची धोरणं पाळली गेली तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, आर्क्टिकवरचा २०४५ च्या सुमारास आणि उरलेल्या जगाचा २०४० च्या सुमारास. अहवाल जाडजूड आहे, पण सुरुवातीचा सारांश दहावीच्या हुशार मुलाला भाषांतर अ‍ॅपच्या मदतीने वाचता येतो.

"लॉकडाऊनमुळे भोक बुजलं" या निरोपाचं काय?

हे उदाहरण थोडं उलगडून बघू, कारण शोधायची पद्धत त्यातूनच कळते. एप्रिल २०२० मध्ये हा निरोप मोबाइलोमोबाइली फिरला आणि आजही मध्येच डोकं वर काढतो. त्यात एक धागा खरा होता. त्या एप्रिलच्या शेवटी कोपर्निकस सेवेने खरोखरच एक भोक बुजल्याचं सांगितलं होतं. पण कुठलं? आर्क्टिकवरचं, म्हणजे उत्तर ध्रुवावरचं. तिथे असा मोठा ऱ्हास क्वचितच होतो. त्या वर्षी ध्रुवीय भोवरा फार बळकट आणि थंड राहिल्याने तो झाला आणि भोवरा मोडल्यावर आपोआप भरून निघाला. त्याचा लॉकडाऊनशी संबंध नव्हता, हे त्याच सेवेने स्पष्ट केलं होतं.

असा निरोप आला की चार गोष्टी विचारा : जागा कोणती, तारीख कोणती, आकडा किती आणि तो कोणत्या एककात, आणि हे कुणी मोजलं? जागा विचारली की उत्तर ध्रुव दक्षिण ध्रुवापासून वेगळा निघतो. तारीख विचारली की हंगाम कळतो. पुढे स्वतःचं डोकं लावा : सीएफसी हवेत कित्येक दशकं टिकतात, काहींचं आयुष्य शंभर वर्षांच्या आसपास आहे, मग महिनाभर गाड्या थांबल्याने त्यांचं काय बिघडणार?

प्रत्यक्ष मोजतं कोण?

उपग्रह मोजतात हे सगळ्यांना माहीत असतं. १९७८ मध्ये निंबस-७ गेला, २००४ मध्ये ऑरा, २०१७ मध्ये युरोपचा सेंटिनेल-५पी. पण भोक शोधलं ते जमिनीवरून. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी हॅली बे इथल्या डॉब्सन यंत्राच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडल्या आणि मे १९८५ मध्ये शोधनिबंध छापला. उपग्रहाकडेही तसेच कमी आकडे आलेले होते, पण ते शंकास्पद म्हणून खूण करून ठेवलेले होते. रोज नेमाने नोंद करणाऱ्या माणसांचं मोल सांगायचं असलं की मी मुलांना हीच गोष्ट सांगतो.

डॉब्सन यंत्राची रीत सोपी आहे. अतिनील किरणांच्या अशा दोन तरंगलांबी घ्यायच्या, की एक ओझोन जास्त शोषतो आणि दुसरी फार कमी. जमिनीवर दोन्ही किती पोचल्या याची तुलना केली की मधल्या ओझोनचा हिशेब लागतो.

भारतात हे काम भारतीय हवामान विभाग करतो. दिल्लीला राष्ट्रीय ओझोन केंद्र आहे. दिल्ली, वाराणसी, पुणे, कोडाईकॅनॉल इथल्या नोंदी कित्येक दशकांच्या आहेत. फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोनसोंड हे उपकरण १९६० च्या दशकात देशातच तयार झालं, त्यामागे हवामान विभागातल्या शास्त्रज्ञ अ‍ॅना मणी होत्या. फुगा ३० किलोमीटरच्याही वर जातो आणि कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे ते रेडिओने खाली कळवत राहतो. उपग्रहावरून आकडा सहज मिळतो, पण उंचीनुसार एवढी बारीक नोंद फुगाच देतो. अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री केंद्रातूनही असे फुगे सोडले गेले आहेत.

मूळ नोंदी हव्या असतील तर दोन दारं. एक, हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचं डेटा पुरवठा पोर्टल. तिथे मागणी नोंदवावी लागते, आणि शैक्षणिक काम असेल तर तसं स्पष्ट लिहा, कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र जोडा. दोन, कॅनडातल्या टोरंटोचं जागतिक ओझोन व अतिनील प्रारण डेटा केंद्र. तिथे केंद्राचं नाव टाकून शोधता येतं. फाइल साध्या तक्त्याची असते, ती मोबाइलवर चाळत बसू नका, शाळेच्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडा. तारखेचा स्तंभ आणि ओझोनचा स्तंभ एवढे दोनच ठेवा, बाकीचे तांत्रिक स्तंभ सुरुवातीला झाका.

खालचा ओझोन, चंद्रपूर-नागपूरचा

यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर अ‍ॅप. नागपूर किंवा चंद्रपूरचं केंद्र निवडा आणि एकूण निर्देशांकावर न थांबता प्रदूषकांची यादी उघडा. ओझोन तिथे वेगळा दिसतो. आपल्या देशाचं मानक आहे आठ तासांच्या सरासरीला दर घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाला १८०. सकाळी सातला पाहिलंत तर आकडा कमी दिसेल. दुपारी दोन-तीनला पाहा, कारण तो उन्हातच तयार होतो. सोयाबीन आणि गहू ही दोन्ही पिकं या ओझोनला नाजूक आहेत, म्हणून आपल्या भागात खरा पाठपुरावा याच आकड्याचा व्हायला हवा असं मला वाटतं. खेड्यात मोजणारं केंद्र नसतं. जवळच्या शहराचा आकडा आपल्या शेताला जसाच्या तसा लावू नका, वारा कुणीकडून आहे तेही बघा.

घरातली तपासणी

फ्रिजच्या मागे, खाली काँप्रेसरजवळ किंवा आतल्या बाजूला एक लेबल असतं. त्यावर आर अक्षर आणि पुढे अंक. आर-१२ असेल तर तो जुना सीएफसी, ओझोनचा मोठा शत्रू. भारतात त्याचा सामान्य वापर २०१० पासून बंद आहे, पण भंगारात जुनी यंत्रं निघतात. जुन्या एसीत आर-२२ सापडेल. तो ओझोनचं कमी नुकसान करतो, पण करतो, आणि आपल्यासारख्या देशांना तो २०३० पर्यंत जवळपास संपवायचा आहे. आर-१३४ए आणि आर-३२ ओझोनला अपाय करत नाहीत, मात्र हवा तापवतात : वजनाला वजन धरलं तर आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट, आर-३२ सुमारे ६७५ पट. आर-६००ए लिहिलेलं असेल तर गॅस पर्यावरणाला बरा, पण पेट घेणारा. दुरुस्ती चालू असताना जवळ बिडी पेटवू देऊ नका.

मेकॅनिक जुना गॅस हवेत सोडून नवा भरत असेल तर विचारा, "दादा, हा गॅस टाकीत काढून घेता येत नाही का?" अनेकांना प्रशिक्षण मिळालेलं असतं, पण गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून कष्ट घेतले जात नाहीत. आणि आपला वाळ्याच्या ताट्यांचा कुलर? त्यात गॅसच नसतो. तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, ओझोनच्या बाबतीत पूर्ण निर्दोष.

मग उष्णतेशी काहीच संबंध नाही का? आहे, पण भोकामार्फत नाही. जे वायू ओझोन खातात, तेच हवा तापवतात. सीएफसी आटोक्यात आले म्हणून पृथ्वीचं पुढचं बरंच तापणं टळलं. युरियाचंही इथे बघायला हवं. पऱ्हाटीला गरजेपेक्षा जास्त युरिया दिला की मातीतून नायट्रस ऑक्साइड निघतो. ए. आर. रविशंकरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की आता माणसांकडून बाहेर पडणाऱ्या वायूंत ओझोनचं सर्वांत जास्त नुकसान करणारा हाच आहे. ओझोन खाणारे वायू थांबवण्यासाठी देशांनी केलेल्या माँट्रियल करारात तो येत नाही. माती परीक्षण करून खत देण्याचं हे आणखी एक कारण.

सरकारी कागद

कायद्याची बाजू लवकर उरकते. माँट्रियल करारावर १६ सप्टेंबर १९८७ रोजी सह्या झाल्या, म्हणून त्या तारखेला ओझोन दिन. भारत १९९२ मध्ये करारात आला, २००० मध्ये नियम केले, आणि एचएफसी (आर-१३४ए, आर-३२ यांसारखे हवा तापवणारे गॅस) कमी करण्याच्या त्याच करारातल्या किगाली दुरुस्तीला २०२१ मध्ये मान्यता दिली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ओझोन कक्षाच्या संकेतस्थळावर हे सगळं मिळतं. ताजी माहिती हवी तर संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांत ओझोन हा शब्द टाका. मंत्र्यांची लेखी उत्तरं आकड्यांसकट तिथे असतात आणि वर्तमानपत्राच्या बातमीपेक्षा ती उद्धृत करायला भक्कम.

मराठीत सुरुवात करायची तर मराठी विश्वकोश उघडा, पण ओझोनवरची मूळ नोंद सुरुवातीच्या खंडांतली, भोकाचा शोध लागण्याच्या आधीची आहे. रसायनासाठी ती उत्तम, आजच्या स्थितीसाठी नाही.

शाळेची नोंदवही

जून उघडला की वही सुरू करा. रोज एकाच वेळेला, समजा दुपारी बाराला, एका मुलाने तारीख, गावाचं नाव, विंडीवरचा डॉब्सन आकडा, अतिनील निर्देशांक (अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा) आणि आभाळ कसं आहे ते लिहायचं. ऑगस्टपासून शेजारी आणखी एक रकाना वाढवा : ओझोन वॉचवरचा अंटार्क्टिकाचा त्या दिवसाचा किमान आकडा. सप्टेंबरमध्ये एका रकान्यात २५०-२७० च्या आसपासचे आकडे राहतील आणि दुसऱ्यात ते २२० च्या खाली घसरत जातील. १६ सप्टेंबरच्या कार्यक्रमात भाषणाऐवजी हा आलेख फळ्यावर काढा.

अतिनील निर्देशांकाचा रकाना गाळू नका. विदर्भात उन्हाळ्याच्या निरभ्र दुपारी तो १० च्या वर जातो, कारण मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो. मोबाइल नसला तरी सावलीवरून अंदाज येतो : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरण जोरात आहेत. निंदणाला जाणाऱ्या बायांना आणि रोजगार हमीच्या कामावरच्या माणसांना हे सांगा. सकाळी लवकर सुरू करून अकराच्या आत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं, डोक्यावर दुपट्टा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, आणि तीननंतर पुन्हा. वहीत आभाळाचा रकाना आहे तो यासाठीच. पातळ ढग असले तरी निर्देशांक फारसा उतरत नाही, हे मुलांना दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून आपलं आपल्याला दिसतं.